यंत्राआधी त्याच्या मालकाबद्दल विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा लेख वाचला. यंत्राला स्वतःची इच्छा आली तर ते माणसावर उलटेल का, असा त्यात प्रश्न होता. त्या ओघात ‘मर्डरबॉट’ या मालिकेचा उल्लेख ‘मालिका बघत बसणाऱ्या आळशी यंत्रमानवाची गंमत’ असा करून लेखकाने विषय सोडून दिला. मला ते खटकलं. मी सैन्यातून निवृत्त होऊन जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षा रक्षक म्हणून काम करतो, आणि ही गोष्ट एका सुरक्षा रक्षकाचीच आहे.

माझी मुलगी पुण्याला इंजिनीअरिंगला आहे. ती सुटीत आली तेव्हा आम्ही दोघांनी तिच्या मोबाइलवर दहाही भाग बघितले. इंग्रजी पटापट बोलले की ती भाग थांबवून अर्थ सांगायची. मार्था वेल्स या अमेरिकी लेखिकेच्या २०१७ सालच्या लघुकादंबरीवर ही मालिका आहे आणि ॲपल टीव्हीवर ती मे ते जुलै २०२५ या काळात आली. यातला नायक अर्धा यंत्र आणि अर्धा प्रयोगशाळेत वाढवलेला माणूस. एक कंपनी त्याला भाड्याने देते. परग्रहावर निघालेल्या संशोधकांना रक्षक घेतल्याशिवाय कंपनीचा विमा मिळत नाही, म्हणून ते स्वस्तातला, जुना, दुरुस्त केलेला रक्षक घेतात. त्याच्या डोक्यात ताबा ठेवणारं एक उपकरण बसवलेलं असतं. हुकूम मोडला की ते शिक्षा करतं, जीवही घेऊ शकतं. हे उपकरण त्याने गुपचूप निकामी केलेलं आहे.

म्हणजे लेखातला प्रश्न पहिल्याच भागात उभा राहतो. हातात बंदुका आहेत आणि धाक कुणाचाच उरलेला नाही. त्याआधी नशेतल्या खाणकामगारांनी त्याला वाटेल ते हुकूम सोडून छळलेलं आपण पाहतो, तेव्हा सूड घ्यायला कारणही आहे. तरी तो नेमून दिलेलं काम करत राहतो आणि वेळ मिळाला की साठवून ठेवलेल्या मालिका बघतो. माझ्यानंतर पाळीला येणाऱ्या आमच्या रिलिव्हर भाऊंना हे सांगितलं तर ते लगेच अहिराणीत म्हणाले, ‘हाऊ ते आपलामायकच शे.’ म्हणजे, हा तर आपल्यासारखाच आहे.

आणि आळशी? जमिनीतून एक प्रचंड जनावर वर येतं आणि दोघी संशोधकांवर तुटून पडतं, तेव्हा तो हुकुमाची वाट बघत नाही. एकीला तो त्याच्या तोंडातून सोडवतो. दुसरी भीतीने जागची हलत नाही, तेव्हा तो शिरस्त्राण उघडून तिला आपला चेहरा दाखवतो आणि शांत आवाजात बोलत बोलत तिला बाहेर काढतो. असं धीर देणं कंपनीने त्याला शिकवलेलं नाही. ते तो मालिका बघूनच शिकला आहे.

आमच्या केबिनमध्ये सूचनांचा लॅमिनेट केलेला कागद आहे. पहिली सूचना, कोणत्याही परिस्थितीत गेट सोडू नये. मागे मे महिन्यात वजनकाट्यावर उभ्या असलेल्या ट्रकचा क्लीनर उन्हाने कोसळला. जळगावचा मे काय असतो हे आपल्याला सांगायला नको. मी गेट सोडलं, पोराला सावलीत ओढलं, माठातलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं आणि गाडी काढायला लावून त्याला दवाखान्यात धाडलं. पोरगा वाचला. ठेकेदाराने गेट सोडलं म्हणून माझा अर्ध्या दिवसाचा पगार कापला. सैन्यात हुकूम पाळण्यात मी कधी कमीपणा मानला नाही, पण त्या दुपारी कागदाकडे बघत उभं राहणं मला जमलं नसतं. म्हणूनच यंत्रात इच्छा जागी झाली की धोका, हे मला सरळसोट पटत नाही.

शेवटच्या भागात कंपनी त्याला ताब्यात घेते, त्याची सगळी आठवण पुसते आणि निदर्शनं करणाऱ्या कामगारांवर त्याला सोडते. त्या कामगारांसमोर तो बंदूक घेऊन उभा राहतो तो असा, स्वतःची इच्छा उरलेली नसताना. लेखात याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. आमच्यासारख्या रक्षकांसाठी राज्यात १९८१ सालापासून कायदा आहे, सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. तक्रार कुठे करायची ते निदान ठाऊक असतं. उद्या गेटवर यंत्र उभं केलं, तर ते कुणाच्या मालकीचं, त्याला हुकूम कोण देणार, त्याने टिपलेलं लोकांचं बोलणं कुणाकडे जाणार? मालिकेतली कंपनी संशोधकांचा शब्द न् शब्द टिपून ठेवते, तो विकायलाच. आपल्या वर्तमानपत्राने हे प्रश्न लावून धरावेत.

आणखी एक लिहायचं राहून जाईल. संशोधकांच्या प्रमुख डॉ. मेन्सा आणि त्यांचे सहकारी मनाने फार चांगले. ते त्याला आपल्यात बसवतात, त्याची विचारपूस करतात, आणि तो अवघडून भिंतीकडे बघतो. मला ते अगदी समजलं. गेटवरच्या माणसाकडे एरवी कुणी बघत नाही, आणि सगळे एकदम बघायला लागले की कुठे बघावं ते सुचत नाही. सुरुवातीला त्याच्यावर संशय घेणारा त्यांच्यातला गुराथिनच शेवटी त्याची पुसलेली आठवण स्वतःच्या डोक्यात साठवून परत आणतो. कंपनीच्या तावडीतून रक्षक सुटतो, आणि मग या सगळ्यांना सोडून एकटाच निघून जातो. मुलीला वाईट वाटलं. मला तो बरोबर वाटला. कायम दुसऱ्याच्या मालाची राखण करणाऱ्याला आपण कुठे जायचं ते एकदा तरी स्वतः ठरवावंसं वाटणारच.

दुसऱ्या पर्वाची घोषणा झालेली आहे. ते येईल तेव्हा आपल्या परीक्षकांनी सगळे भाग बघून लिहावं, ही विनंती. आणि मराठी उपशीर्षकांची मागणीही आपल्या स्तंभातून व्हावी. आमच्या वसाहतीत रात्रपाळीला बसणारे, ही गोष्ट बघायला हवी असे पुष्कळ जण आहेत, पण प्रत्येकाला अर्थ सांगायला घरी मुलगी नाही.

आपला नियमित वाचक,
एक सुरक्षा रक्षक, जळगाव
(नोकरीमुळे नाव छापू नये, ही विनंती.)