बायोडेटात हुद्द्याआधी काम लिही

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फौजेतून सुटल्यावरच्या नोकरीसाठी केलेला तुझा बायोडेटा ताईकडे आला तो तिने रविवारी मला दाखवला. जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. चार पानं आहेत. मी चष्मा लावून सगळी वाचली आणि हे पत्र लिहायला बसलो. फोनवर एवढं सगळं नीट बोलून होत नाही.

पहिल्या पानावर तुझा आर्मी नंबर, हुद्दा, युनिट, वर्दीतला फोटो, उंची, छाती. दुसऱ्यावर कोर्स, तेही नुसत्या आद्याक्षरांत. तिसऱ्यावर मेडल. चौथ्यावर 'शिस्तप्रिय, कष्टाळू, प्रामाणिक'. यातला शब्दन् शब्द खरा आहे, मला ठाऊक आहे. पण 17 वर्षं रोज सकाळी उठून तू काय काम केलंस, ते चार पानांत कुठेच सापडलं नाही.

मी 1994 साली पेन्शनवर आलो तेव्हा हेच केलं होतं. गुरुजींकडून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहून घेतला, '17 वर्षे लष्करी सेवा, वर्तणूक उत्कृष्ट'. तो घेऊन एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेलो. साहेबांनी तेवढं वाचलं आणि मला गेटवर उभं केलं. मी सिग्नलमध्ये, म्हणजे फौजेच्या संपर्क विभागात, लाइनचं काम केलंय, एक्सचेंज बसवलेत, हे अर्जात नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही. दोन वर्षांनी पावसाळ्यात कारखान्याचे निम्मे फोन बंद पडले. बाहेरून आलेला माणूस दोन दिवस शोधत बसला होता. शेवटी मॅनेजरना विचारून मी रात्रपाळीत जोडणीचा डबा उघडला, तारांच्या जोड्या एकेक करून तपासल्या. एका जॉइंटमध्ये पाणी शिरलं होतं. तो कापून, वाळवून पुन्हा बांधला आणि सकाळी फोन वाजायला लागले. मॅनेजर म्हणाले, "अहो, हे येतं तर आधी सांगायचं ना!" तरी मी गेटवरच राहिलो, कारण तोवर त्यांच्या दप्तरी माझ्या नावापुढे 'वॉचमन' लागलं होतं. नोकरी सुटेपर्यंत ते निघालं नाही. तुझ्या बाबतीत मला ते होऊ द्यायचं नाही.

आपल्या भागात फौजीला स्वतःबद्दल काही सांगावं लागत नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीचंच बघ. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जवान कामी आले, गावाच्या नावातच मिलिटरी आलं. तिथे 'हवालदार आहे, सिग्नलला आहे' एवढं म्हटलं की समोरचा पुढचं सगळं समजतो. हिंजवडीतल्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलीला हवालदार म्हणजे चौकीतला पोलीस वाटेल. चूक तिची नाही. तिच्या घरात कुणी फौजेत गेलेलं नाही, आणि तुझा कागद आधी तिच्याच हातात पडणार आहे.

मागच्या रजेत ओट्यावर बसून तू मला एक गोष्ट सांगितली होतीस. बर्फ पडत होता, ऑप्टिकल फायबरची लाइन तुटली, पुढच्या ठाण्याशी संपर्क गेला. तू ओटीडीआर, म्हणजे लाइन कुठे तुटली ते दाखवणारं यंत्र, लावलंस, लाइन 11 किलोमीटरवर तुटल्याचं दिसलं. चौघांना घेऊन चालत गेलास, तंबू ठोकून त्याच्या आडोशाला फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन ठेवलंस. बोटं गारठून फायबर दोनदा मोडली. तिसऱ्या वेळी जोड बसला. मग पुन्हा मोजून पाहिलंस, तर जोडातली घट 0.05 डीबी होती, म्हणजे जवळजवळ नाहीच. सहा तासांत लाइन सुरू. माझ्या काळी आम्ही तांब्याच्या तारेवर काम केलं, त्यामुळे प्रकाश आत सोडायचा आणि परतून आलेल्या प्रकाशावरून तुटलेली जागा किती लांब आहे ते काढायचं, हे ऐकताना मला फार अप्रूप वाटलं होतं. त्या रात्रीचं एक अक्षर तुझ्या बायोडेटात नाही. त्याऐवजी लिहिलंयस, 'वरिष्ठांच्या पूर्ण समाधानाप्रमाणे कर्तव्य पार पाडले.'

ते खोड आणि असं लिही: 'दुर्गम भागात तुटलेली ऑप्टिकल फायबर लाइन ओटीडीआरने शोधून, चार जणांच्या तुकडीसह सहा तासांत पूर्ववत केली.' इंग्रजी ताई करून देईल. बाकीच्या कामाचंही असंच. किती माणसं हाताखाली होती, किती टेलिफोन, किती स्विच, किती राउटर सांभाळलेस, किती पोरांना शिकवून तयार केलंस, ते आकड्यांत लिही. मात्र जो आकडा तुला नक्की आठवतो तोच. अंदाजाने फुगवलेला आकडा मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो, असं ताई सांगते. ती रोज असे कागद वाचते.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. मोठ्या कंपन्यांत बायोडेटा माणसाआधी सॉफ्टवेअर वाचतं. जाहिरातीतले शब्द त्यात आहेत का ते बघतं, आणि चौकटी, रकाने, चित्रं असली की गोंधळतं. म्हणून साधा एका रकान्याचा कागद कर, दोन पानांच्या वर नको. फोटो, उंची, छाती काढ. आणि शब्द त्यांचे वापर. फौजेत एनओसी म्हणजे ना हरकत. त्यांच्याकडे एनओसी म्हणजे नेटवर्क ऑपरेशन सेंटर, म्हणजे पाळीपाळीने बसून अलार्म बघायचे, बिघाड नोंदवायचा, ठरलेल्या वेळात सुटला नाही तर वर कळवायचं. अरे, ही तर तुझीच कंट्रोल रूमची ड्यूटी! तू ज्याला फॉल्ट रजिस्टर म्हणतोस त्याला ते तिकीट म्हणतात. काम तेच आहे.

एका बाबतीत मात्र मी तुझा बाप म्हणून नाही, जुना फौजी म्हणून सांगतो. युनिट कुठे होतं, कुठली लाइन कुठून कुठे जात होती, कुठला सेट, कुठली फ्रिक्वेन्सी, यातलं काही लिहायचं नाही आणि मुलाखतीत कुणी गोड बोलून विचारलं तरी सांगायचं नाही. 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा वर्दी उतरवल्यावरही लागू असतो. 'उत्तर भारतातील डोंगराळ भाग' एवढं पुरे.

सर्टिफिकेटचं राहिलं. 15 वर्षांच्या सेवेवर दहावी झालेल्या माजी सैनिकाला सरकारी गट क च्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरतात, पण खासगी कंपनी ते मानेलच असं नाही. तिथे सिस्को कंपनीचं सीसीएनए हे नेटवर्किंगचं सर्टिफिकेट उपयोगी पडेल. 120 मिनिटांची परीक्षा आहे. आयपी ॲड्रेसिंग, राउटिंग, स्विचिंग यातलं बरंचसं तू हाताने केलेलं आहेस, फक्त पुस्तकाच्या भाषेत बसवायचंय. सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या कोर्सची चौकशी डिस्चार्जच्या आधीच ऑफिसात कर, शेवटच्या महिन्यावर ढकलू नकोस. आणि पायथन हे प्रोग्रामिंग तू मोबाइलवर नुसतं पाहिलंयस ना, मग बायोडेटातून ते काढ. एक खोटा शब्द बाकीच्या खऱ्यांनाही बुडवतो.

पगार सुरुवातीला कमी मिळेल. तुझा साहेब तुझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल आणि त्याला सगळे नावाने हाक मारतील. याची तयारी ठेव. पेन्शन आहे, घरचं शेत आहे, पोरांच्या फीची काळजी पहिली दोन वर्षं तरी करू नकोस, मी आणि तुझी आई आहोत.

आता एवढं कर. रात्री ड्यूटीवरून आल्यावर वहीत रोज एक काम लिही. काय बिघडलं होतं, तू काय केलंस, किती वेळ लागला. मराठीतच लिही, व्याकरणाकडे बघू नकोस. पंधरा झाली की पानांचे फोटो ताईला पाठव. ती पुढच्या महिन्यात चौथ्या शनिवारी येणार आहे. मी वाचून दाखवेन, ती टाइप करेल. अपशिंग्यात त्या जवानांच्या आठवणीत उभारलेल्या स्तंभापाशी काढलेला तुझा वर्दीतला फोटो तुझ्या आईने बायोडेटातून काढून घेतलाय, तो ती चौकटीत लावून आणणार आहे.

तब्येतीला जप. सूनबाईंना आणि मुलांना आशीर्वाद.

तुझे,
आप्पा