वहिनींची पत्रं आणि माझा सर्व्हर

प्रिय बंड्या,

तुझ्या पत्रांची उत्तरं राहिली आहेत, माहीत आहे. शिव्या नंतर घाल. तब्येत बरी, गोळ्या चालू. आधी हे ऐक, कारण घरात सांगून कुणाला कळायचं नाही आणि चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

हौशी रेडिओवरून टपाल नेणारा माझा सर्व्हर सुरू झाला. माळ्यावर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्यावर टपाल सांभाळणारं लिनबीपीक्यू, आणि टीएनसीचं, म्हणजे रेडिओ आणि संगणकामधल्या दुभाष्याचं, काम साउंड कार्ड आणि डायरवुल्फ हा प्रोग्राम मिळून करतात. १४४ मेगाहर्ट्झवर १२०० बॉडने (सेकंदाला तितके बिट) आजूबाजूची मंडळी जोडतात, आणि रात्री ७ मेगाहर्ट्झवरून टपाल पुढे जातं. इंटरनेटशी संबंध नाही, मुद्दामच. एकदा दार उघडलं की सगळ्या जगाच्या जाहिराती माझ्या कॉलसाइनखाली, म्हणजे परवान्यावरच्या नावाखाली, हवेत जायच्या. सुरुवातीला पॅकेटचं, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याचं, डोकंच कापलं जात होतं, टीएक्स-डिले (प्रक्षेपण सुरू झाल्यापासून मजकूर सुटेपर्यंतची थांब) ३०० मिलिसेकंदांवरून वाढवला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. एचएफवर (लांब पल्ल्याच्या त्या ७ मेगाहर्ट्झवर) पीटीटी, म्हणजे प्रक्षेपणाचं बटण, दाबला की यूएसबी बेशुद्ध पडायचं, तिथे फेराइटच्या रिंगा घातल्या. तू म्हणणार, "यंत्र यंत्राशी बोलतं, त्यात तुझा रेडिओ कुठे?" म्हण. १९७८ साली मॉन्ट्रियलच्या हौशी मंडळींनी पहिली पॅकेटं हवेत सोडली तेव्हापासून तुझ्यासारखे मोर्सचे की-बहाद्दर हेच म्हणत आलेत.

असो. नाना सध्या आहेत तिथे फोन लागत नाही हे तुला ठाऊक आहे. त्यांच्याकडे एचएफ रिग (रेडिओ संच), वहिनींकडे छोटा सेट आणि त्यांचा स्वतःचा परवाना. म्हणून म्हटलं, दोघांची पत्रं माझ्याकडून जाऊ देत. पहिले काही दिवस "पोचले, पाऊस आहे, औषध घेतलं का" एवढंच चालायचं. ३०० बॉडवर याहून जास्त लिहायचा धीरही होत नाही. आणि वहिनी मराठीतच लिहिणार! देवनागरीत काना-मात्रेसकट प्रत्येक चिन्ह तीन-तीन बाइट खातं. सेकंदाला जेमतेम बारा चिन्हं, तीही बँड मेहेरबान असेल तर. मी सुचवलं, इंग्रजी अक्षरांत लिहा. "नानांना माझं शुद्धलेखन आवडतं," म्हणाल्या. संपला विषय.

पण आता वहिनी खरं लिहायला लागल्यात. मोठ्याच्या कर्जाचं, त्या दोघांच्या न बोलण्याचं, तुला मी सांगायला नको. आणि बंड्या, मला ते सगळं दिसतं. वाचायला बसतो असं नाही. डायरवुल्फच्या पडद्यावर वहिनींचा कॉलसाइन उमटतो आणि त्यापुढे त्यांची वाक्यं. परवा पोच त्यांच्यापर्यंत जात नव्हती, म्हणून त्यांचा सेट तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत होता. "मला एकटीला आता जमत नाही" हे एकच वाक्य पडद्यावर तीनदा आलं. मी मॉनिटर बंद करून खाली आलो.

बंद करून काय होणार? माझ्या स्टेशनवरून जे जातं त्याला मी जबाबदार, तेव्हा नजर ठेवायलाच हवी. कुलूपही लावता येत नाही. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या २५व्या कलमात देशादेशांमधल्या हौशी संदेशांबाबत लिहून ठेवलंय, अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक करायचं नाही. आपल्या परवान्यालाही तेच लागू. वहिनींनी परीक्षेत हा प्रश्न बरोबर सोडवला होता, पण चुलीवर दूध उतू जात असताना कुणाला कलम आठवतं? माझ्याकडून नानांकडे जाताना मजकूर दाबून (कॉम्प्रेस होऊन) जातो, येता-जाता कुणी वाचेल असं नाही. वहिनी टर्मिनलवर टाइप करतात तो टप्पा मात्र सताड उघडा. आणि आपला टिपणवाला दिवसभर त्याच फ्रीक्वेन्सीवर कान लावून असतो. तो अक्षर न् अक्षर वहीत उतरवणारा माणूस, त्याने तुझी आणि अण्णांची ती भांडणंसुद्धा तारीखवार लिहून ठेवलीत. (चूक अण्णांची नव्हती, मी आजही म्हणतो.)

वहिनींना पॅट हा रेडिओ-टपालाचा प्रोग्राम बसवून देता येईल, म्हणजे त्यांच्याकडूनच मजकूर दाबून निघेल. तो काही गुप्त होत नाही, योग्य साधन असलं की कुणीही उलगडू शकतो, पण टिपणवाल्याची वही तरी कोरी राहील. मला दिसायचं ते दिसतच राहणार. फाइली माझ्याच मेमरी कार्डावर पडतात.

सांगावं तर त्या लिहिणंच बंद करतील, आणि नाना मागच्या वेळी गप्प झाले तेव्हा काय झालं ते तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंयस. न सांगावं तर रोज संध्याकाळी त्यांच्याशी "सेव्हंटी थ्री" (हौशी मंडळींचा निरोपाचा नमस्कार) करताना माझ्या घशाशी येतं. हिला विचारलं तर म्हणते, "मग नका ना बघू." किती सोपं!

म्हणून हे पोस्टाने, हवेतून नाही. वहिनी तुझं ऐकतात, माझ्याशी अदबीने वागतात. हा फरक तुलाही कळतो. तू फोन करशील का? परीक्षेचा विषय काढ, कलमाची गंमत कर, बाकी त्या हुशार आहेत. माझं नाव आलं तरी चालेल, पण "वाचतो" म्हणू नकोस, "दिसतं" म्हण.

नातीचं कळलं, फार आनंद झाला. घराचं काम कुठवर आलं? सूनबाईंना आशीर्वाद. नव्या गच्चीवर डायपोल अँटेना लागतो का ते आधी पाहा, फरशा मग बसव.

तुझा,
दिन्या

ता. क. अँटेना तपासायचा माझा एसडब्ल्यूआर मीटर तुझ्याकडे आहे. हरवला म्हणू नकोस, मागच्या फोटोत तुझ्या टेबलावर दिसला.