युद्धकाळातील अंतिम सामना नोंदींबाहेर का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९३९ ते १९४६ या काळात इंग्लंडमधील फुटबॉल थांबला होता, असे विधान आपल्या क्रीडापानावरील लेखात आले आहे. थांबला होता तो एफए कप (इंग्लंडमधील क्लबांची बाद पद्धतीची जुनी स्पर्धा) आणि नेहमीची लीग. लीगचे तीन सामने होतात न होतात तोच मोसम गुंडाळला गेला, आणि १९३९ चा एफए कप जिंकणाऱ्या पोर्ट्समथकडे तो करंडक सात वर्षे राहिला. खेळ मात्र विभागीय स्पर्धांमधून चालूच होता आणि त्यांच्या जोडीला ‘फुटबॉल लीग वॉर कप’ ही बाद पद्धतीची स्पर्धाही खेळवली जात होती.

या स्पर्धेचा १९४१ चा अंतिम सामना १० मे रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर प्रेस्टन नॉर्थ एंड आणि आर्सेनल या क्लबांत झाला. लंडनवर गेले आठ महिने बॉम्बवर्षाव सुरू असतानाही सुमारे साठ हजार प्रेक्षक मैदानात जमले होते. सुरुवातीलाच आर्सेनलच्या लेस्ली कॉम्प्टनने मारलेली पेनल्टी गोलखांबावर आदळली, त्यानंतर लगेच मॅक्लारेनने प्रेस्टनला आघाडी मिळवून दिली आणि लेस्लीचा धाकटा भाऊ डेनिस (क्रिकेटमुळे आपल्याला ठाऊक असलेला तोच) याने बरोबरी साधली. त्याच रात्री लंडनवर संपूर्ण ‘ब्लिट्झ’मधील (जर्मनीच्या या बॉम्बहल्ल्यांच्या मोहिमेतील) सर्वांत भीषण हवाई हल्ला झाला, त्यात हाउस ऑफ कॉमन्सचे सभागृह जळून खाक झाले. तीन आठवड्यांनी, ३१ मे रोजी, ब्लॅकबर्नच्या इवूड पार्कवर झालेला फेरसामना प्रेस्टनने २-१ असा जिंकला. प्रेस्टनचे दोन्ही गोल बीटीचे होते.

अधिकृत आकडेवारीत यातले काहीही धरले जात नाही. त्यामागचे कारण मला अगदीच अमान्य नाही. खेळाडू सैन्यात किंवा कारखान्यांत विखुरलेले असल्याने जवळपासच्या छावणीतला दुसऱ्या क्लबचा खेळाडू ‘पाहुणा’ म्हणून उतरवण्याची मुभा होती, त्यामुळे संघांची खरी ताकद जोखणे अवघड होते. परंतु म्हणून सामना झालाच नाही असे कसे मानायचे? प्रेस्टनच्या टॉम फिनीचेच पाहा. विजेतेपदाचे पदक मिळाले तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पुढे तो इजिप्तमध्ये सैन्यात गेला, आणि लीगच्या नोंदी मात्र त्याचे पदार्पण ऑगस्ट १९४६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी झाल्याचे सांगतात. हे आकडे खोटे नाहीत, पण केवळ त्यांवर विसंबणाऱ्या वाचकाला या खेळाडूची सुरुवात कधी कळणारच नाही.

युद्धकाळातील सामने नेहमीच्या आकडेवारीत मिसळावेत, असा माझा आग्रह नाही. त्यांचा स्वतंत्र रकाना असावा, एवढेच म्हणणे आहे. आपणही त्या लेखातील ‘फुटबॉल थांबला होता’ हे वाक्य दुरुस्त करून छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक