पोलीस ठाण्याचा संगणक आणि माझा ‘ऱ्ह’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोलीस ठाण्यांतील संगणक बदलण्याविषयीचा लेख आपल्या कालच्या अंकात वाचला. प्रोसेसर कोणत्या पिढीचा असावा, रॅम ८ जीबी पुरेल की १६ लागेल, माहितीसाठा स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावा की ‘क्लाउड’वर, याची चर्चा लेखकाने इतक्या जिव्हाळ्याने केली आहे, की हे यंत्र ठाण्यासाठी घ्यायचे आहे की त्यांच्या चिरंजीवांसाठी, असा क्षणभर प्रश्न पडावा. लेख अभ्यासपूर्ण आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मात्र ज्याने फिर्याद देण्यासाठी ठाण्यातल्या लाकडी बाकावर अर्धा दिवस काढला आहे, त्याला त्यातली एकही ओळ ओळखीची वाटणार नाही. त्या बाकावर मी बसलेलो आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी श्रावणात माझी स्कूटर भर बाजारातून चोरीस गेली. ठाण्याचे नाव मी येथे देत नाही, कारण तेथील माणसांनी मला चहा पाजला आणि त्यांच्या हातात होते ते सर्व केले. सकाळी साडेदहाला मी पोहोचलो तेव्हा चार संगणकांपैकी दोन चालू होते, तिसऱ्यावर ‘बंद आहे’ असा चिटोरा चिकटवलेला होता आणि चौथ्याला जावक नोंदवही टेकवून ठेवली होती. ठाणे अंमलदारांनी माझे म्हणणे आधी कागदावर उतरवून घेतले आणि मग एक तरुण महिला शिपाई ते संगणकावर टंकू लागल्या. निम्मा मजकूर झाला असेल नसेल, तोच वीज गेली. यूपीएसने दोनदा केविलवाणा आवाज केला आणि तोही शांत झाला. “काका, बॅटरी बसलीय. लाइट आली की पहिल्यापासून करू,” असे त्या म्हणाल्या आणि मी पुन्हा बाकावर जाऊन बसलो. प्रथम खबर अहवालाची प्रत हातात पडली तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते.

इथवरचे मी विसरूनही गेलो असतो. खरा अनुभव तीन महिन्यांनी आला. विम्याच्या कामासाठी सही-शिक्क्याची प्रत हवी होती, म्हणून मी पुन्हा गेलो. त्या दिवशी दुसरे हवालदार होते. त्यांनी माझे आडनाव टंकून शोध घेतला आणि पडद्याकडे बघत म्हणाले, “काका, तुमची फिर्याद इथे दिसतच नाही.” मी खिशातली झेरॉक्स पुढे केली. तिच्यावरचा गुन्हा रजिस्टर क्रमांक टाकताच माझी फिर्याद, माझ्या आडनावासह, समोर उभी राहिली. पडद्यावरचे आडनाव आणि त्यांनी टंकलेले आडनाव यांत काना-मात्रेचाही फरक नव्हता. हवालदारसाहेबांनी “सिस्टिमच अशी आहे” एवढाच उलगडा केला.

उलगडा मला घरी आल्यावर झाला, कारण मी नोकरीला होतो त्या बँकेत कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखा एकाच संगणक प्रणालीवर आणणे, आले तेव्हा नावांच्या घोळात मी दोन वर्षे घालवलेली आहेत. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे यांच्या पंगतीतले माझे आडनाव आहे, म्हणजे त्यात ‘ऱ्ह’ येतो. हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरावीक आकडा देणाऱ्या पद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो. भारतीय लिप्यांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्या कळीवर शिफ्ट दाबले की टिंबाचा ‘ऱ’ उमटतो, त्याला हलन्त जोडून ‘ह’ लिहिला की ‘ऱ्ह’ तयार होतो. काही टंकलेखन साधने मात्र साधाच ‘र’ घेतात, त्याला हलन्त लावतात आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. कागदावर दोन्ही अक्षरे सारखीच दिसतात, पण संगणकाच्या पोटात त्यांचे आकडे वेगळे असतात, आणि शोध घेणारी प्रणाली जर त्यांना एकच समजायला शिकवलेली नसेल, तर तिच्या लेखी ती दोन निरनिराळी माणसे असतात. महिला शिपायांनी एका रीतीने लिहिले, हवालदारांनी दुसऱ्या रीतीने शोधले, आणि मी स्वतःच्या फिर्यादीतून बेपत्ता झालो.

माझी स्कूटर हा क्षुल्लक विषय आहे. पण त्या जागी एखादा फरारी आरोपी धरा. तो कराडला पकडला गेला आणि त्याच्यावरचे जुने गुन्हे नांदेडच्या माणसाने दुसऱ्या कळफलकावर नोंदवलेले असले, तर नावावरून शोध घेणाऱ्याला तो निष्कलंक गृहस्थ दिसेल. ‘ऱ्ह’चे राहू द्या, आपल्याकडे ‘सूर्यवंशी’ आणि ‘सुर्यवंशी’, ‘दीक्षित’ आणि ‘दिक्षित’ एकाच घरातल्या दोन रेशनकार्डांवर सापडतात, आणि आरोपीच्या नावापुढे ‘ऊर्फ’ लावून येणारी नावे तर शुद्धलेखनाचे कोणतेच नियम पाळत नाहीत. इंग्रजी आडनावे उच्चारावरून जुळवण्याची ‘साउंडेक्स’ नावाची युक्ती अमेरिकेत १९१८ साली पेटंट झाली. तेव्हा संगणक नव्हते, कार्डे होती. शंभरावर वर्षे उलटून गेल्यावर मराठी आडनावांसाठी एवढी अपेक्षा करणे हा उद्धटपणा ठरू नये. तरीही आपल्या लेखातील आवश्यकतांच्या यादीत देवनागरीतल्या शोधाविषयी चकार शब्द नाही. ‘मराठी सुविधा असावी’ असे अर्धे वाक्य आहे, आणि त्या अर्ध्या वाक्यात माझा अर्धा ‘र’ कुठे बसतो, ते लेखकाने कृपया सांगावे.

लेखकाचा सूर असा आहे, की यापूर्वी कोणी यादीच केली नव्हती. देशभरातली पोलीस ठाणी संगणकाने जोडून गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सीसीटीएनएस प्रकल्पाला केंद्राने २००९ साली २,००० कोटी रुपये मंजूर केले, तेव्हाच प्रत्येक ठाण्याला चार संगणक, यूपीएस, लहान जनरेटर, दोन प्रकारचे प्रिंटर, १६ पोर्टचा स्विच, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल कॅमेरा, इतकेच काय, इलेक्ट्रॉनिक पेनसुद्धा ठरवून दिले होते. नेटवर्कची जोडणी तुटली तरी काम चालू राहावे, हीही अपेक्षा होती. सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्रात ही प्रणाली राज्यभर सुरू झाली, याचे मलाही कौतुक वाटले होते. यादीत वस्तू होत्या, पण त्या वस्तूंचे पुढच्या दहा वर्षांचे पोट कोणी भरायचे, हे ठाण्याच्या पातळीवर कोणाला विचारावे ते कळत नाही. यूपीएसची बॅटरी तीन-चार वर्षांत बसते, हे बँकेतला शिपाईसुद्धा सांगेल. जनरेटर असतो, पण त्याच्या इंधनाच्या व्हाउचरवर सही कोणाची, असा प्रश्न आमच्या शाखेतही येई, फरक इतकाच की आम्ही सही करून मोकळे होत असू. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा पाठिंबा थांबवला आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांवर चढत नाही, तेव्हा नवे संगणक घ्यावेच लागतील, याविषयी माझा वाद नाही.

आता या जोडणीच्या वेगाविषयी. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे चित्रण करणे आवश्यक झाले. हे चित्रण ‘ई-साक्ष्य’ या मोबाइल ॲपमधून जाते, हे मला ठाऊक आहे. तरीही ठाण्यातल्या जोडणीवरून असे काही पाठवायची वेळ आली, तर हिशेब नीट असावा. आपल्या लेखात ठाण्याला ‘२ मेगाबाइट’ वेगाची जोडणी पुरेल, असे छापले आहे. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये मोजतात, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. सेकंदाला ४ मेगाबिटने केलेल्या तासाभराच्या चित्रणाची फाइल १.८ जीबी होते, आणि २ मेगाबिटच्या वाहिनीवरून ती पाठवायला पूर्ण दोन तास लागतात, तेही बाकीच्या तीन संगणकांनी हाताची घडी घालून बसायचे ठरवले तर. ‘मेगाबाइट’ वाचून कोणा अधिकाऱ्याने निश्चिंत मनाने निविदा काढली, तर तो दोष मुद्रितशोधकाचा धरायचा की लेखकाचा, हे आपण ठरवावे. निदान उद्याच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

पत्राखाली पूर्ण नाव हवे, हा आपला नियम मला माहीत आहे आणि कार्यालयीन प्रतीवर ते दिलेले आहे. मात्र मार्च महिन्यात नळपट्टीविषयीचे माझे पत्र आपण छापलेत, तेव्हा माझ्या आडनावातल्या ‘ऱ्ह’वर रफार चढवून ‘र्ह’ केला होता, आणि चार परिचितांनी ते पत्र कोणाचे, असे मलाच विचारले. या वेळी नाव न छापता पत्र छापावे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
सांगली जिल्हा