'पॉटहोल'चं 'पोथोल' होतं तेव्हा

मा. संपादक,
स. न.

सेलू तालुक्यातल्या खेड्यांत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहे, तरी संध्याकाळी गल्लीतली सात-आठ लेकरं ओसरीवर पुस्तकं घेऊन येतात. परवा सातवीतल्या एका मुलीनं 'पॉटहोल' हा शब्द 'पोथोल' असा वाचला. तिची चूक नाही. टी आणि एच शेजारी आले की 'थ' म्हणायचं, हे तिच्याकडून घोकून घेतलेलं. हा जोडशब्द आहे, 'पॉट' संपल्यावर 'होल' सुरू होतो, हे कुणी सांगितलंच नाही. 'लूपहोल'चं 'लूफोल' होतं ते असंच.

सांधा सापडला की प्रश्न येतो जोराचा, म्हणजे कोणता भाग ठासून म्हणायचा. आमच्या शाळेत पुढे हिरवा फळा आला, तरी नाव 'ब्लॅकबोर्ड'च. जोर 'ब्लॅक'वर देऊन 'बोर्ड' हलका सोडला की तो फळा, रंग कोणताही असो. 'बोर्ड'वरही तेवढाच जोर दिला की नुसती काळ्या रंगाची फळी. आपलं गोडतेल तरी कुठं गोड असतं? पण मराठीत असा ठोका देऊन बोलायची सवय नाही, म्हणून कान तयार होत नाही. मी मुलांना बाकावर वाजवायला लावायचो: पहिल्या भागाला मूठ, दुसऱ्याला बोट. 'कपबोर्ड' म्हणणाऱ्यांना मग 'कबर्ड' पटायचं. दुसरा भाग इतका हलका झाला की 'बोर्ड'चा 'बर्ड' उरला, मधला 'प' तर गळूनच गेला. अपवाद आहेतच. 'ऑक्सफर्ड स्ट्रीट'मध्ये जोर 'ऑक्सफर्ड'वर, 'ऑक्सफर्ड रोड'मध्ये मात्र 'रोड'वर.

2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. स्पेलिंग पाठ होतं, अर्थ पाठ होतो, जोराचं नाव कुणी काढत नाही. माझा एक विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीत 'वर्कशॉप' म्हणताना सगळा जोर 'शॉप'वर देत होता. समोरच्यांनी दोनदा "काय म्हणालात?" विचारलं आणि पोराच्या तोंडून पुढे शब्द फुटेना. लिहिण्यात तो वर्गात पहिला होता. ते ऐकून मला फार लागलं, कारण त्याला शिकवणारा मीच. मुठीचा ठोका मला सुचला तो त्याची बॅच गेल्यावर.

आपल्या शालेय पुरवणीत दर आठवड्याला इंग्रजी शब्द येतात. त्यातल्या जोडशब्दांच्या सांध्यावर एक रेघ द्यावी आणि जोराचा भाग ठळक छापावा, ही विनंती. पहिल्या शंभर शब्दांची यादी मी करून ठेवली आहे. सांगाल तेव्हा पाठवतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
सेलू, जि. परभणी