बटणावरून हात काढायला लावणाऱ्या काकांना

तीर्थरूप काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही कोल्हापूरला सुखरूप पोहोचलात हे लेकीकडून कळलं. हे पत्र खरं तर तुम्हालाच धाडायचं होतं. पण हळदीकुंकवाला मी आमच्या बर्नरचा, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरमध्ये तेल फवारून पेटवणाऱ्या यंत्राचा, किस्सा सांगितला तर जमलेल्यांतल्या चौघी म्हणाल्या, "अगं, आम्हीही तेच करतो. दोन-चारदा लाल बटण दाबलं की होतं सुरू." तेव्हाच ठरवलं, काकांचे आभार चारचौघांत मानायचे.

जानेवारीतली ती रात्र. बाहेर उणे १५, आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टरजवळच्या आमच्या जुन्या घराचं तळघर तेलाच्या वासाने भरलेलं. हे दौऱ्यावर, मुलं स्वेटर चढवून पांघरुणात. मी बर्नर पुन्हा सुरू करायचं लाल रिसेट बटण दोनदा दाबलं होतं, दोन्ही वेळा मोटर घुमली आणि विझली. तिसऱ्यांदा बोट ठेवलं आणि सहज तुमच्या लेकीला फोन केला, तर पलीकडून तुमचाच आवाज आला. "पोरी, आधी हात काढ त्या बटणावरून."

जिन्याच्या तोंडाशी असलेला लाल पाटीचा स्विच तुम्ही बंद करायला लावलात. बटण दाबलं की ठिणगी पडत नसली तरी पंप तेल फवारतच असतो, ते भट्टीच्या तळाशी साचतं, आणि मग कधीतरी एकदम पेट घेतं. भडका, धुराडं निखळणं, घरभर काजळी. स्टोव्हला पिन मारताना आजीच्या भुवया जळाल्या होत्या, ते आठवून माझ्या हाताला घाम सुटला. आमच्याकडे आल्यावर तुम्ही माझी ही तुलना सुधारलीतही, "स्टोव्हात रॉकेलची वाफ होते, इथे तेलाचे तुषार उडतात. पण साचलं की दोन्ही सारखेच."

साखर कारखान्यात बॉयलरवर उभा जन्म काढलेला माणूस, पण तुम्ही एका स्क्रूला हात लावला नाहीत. इथे बर्नर बसवायचा तर सर्टिफिकेटवाला तंत्रज्ञ आणि गावाच्या फायर डिपार्टमेंटचं परमिट लागतं, हे तुम्ही लेकीच्या घराच्या वेळी विचारून ठेवलं होतंत. नळ बारीक चालू ठेवा, पाइप गोठतील, एवढं सांगून कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूच्या अलार्मचं बटण दाबून बघितलंत. या राज्यात तेल-गॅस जाळणाऱ्या घरांत तो अलार्म सक्तीचा आहे. हीटिंगचा धूर बाहेर सोडणारी व्हेंट बर्फाने बुजून २००५ साली प्लिमथमध्ये सात वर्षांची मुलगी गेली, कायदा तिच्याच नावाने ओळखला जातो.

त्या रात्री चहा घेताना तुम्ही लिफाफ्याच्या पाठीवर मांडलेलं गणित मी जपून ठेवलंय. आमचा नवा बर्नर ऑक्टोबरात बसवला होता. बसवणाऱ्याने जुन्याच मापाचं, ताशी १ गॅलनचं नोझल (तेल फवारणारी तोटी) घातलं. पण ते माप चौरस इंचाला १०० पौंड दाबाचं, आणि नव्या पंपाचा दाब १४०. "तेल दाबाच्या वर्गमुळाने वाढतं," तुम्ही म्हणालात. १.४ चं वर्गमूळ सुमारे १.१८. म्हणजे तीन महिने आम्ही १८ टक्के जादा तेल जाळत होतो, हवा मात्र तेवढीच. काजळी, ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडच्या टोकांवर कोळसा, ठिणगी बंद. "डोळ्याला पिवळीधमक ज्योत छान दिसली असेल, म्हणून निघून गेला. धूर तपासायचा मीटर लावला असता तर कळलं असतं." माझं बिल बघून मला चिडायचं होतं. तुम्ही म्हणालात, आधी उद्याचं बघू.

दुसऱ्या दिवशी दुसरा तंत्रज्ञ आला. तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि मला दुभाषी केलंत. त्याने साचलेलं तेल काढलं, बॉयलर घासला, ०.८५ चं नोझल घातलं (१४० पौंडांवर तेच जवळजवळ १ गॅलन होतं), इलेक्ट्रोडचं अंतर पट्टीने मोजलं, पंपातली हवा काढली. मग धुराड्याच्या भोकात छोटा हातपंप घालून दहा झटके मारले. आतली कागदाची चकती बाहेर काढली तर मध्ये काजळासारखा ठिपका. ० ते ९ च्या पट्टीवर त्याने तो ठेवला, हवेची झडप किंचित उघडली, पुन्हा दहा झटके. ठिपका जेमतेम दिसेल इतका फिका झाला तेव्हा धुरातला कार्बन डायऑक्साइड भरला १२.५ टक्के. मला वाटलं, झालं. तुम्ही आणि त्याने एकदमच नकारार्थी मान हलवलीत. फिल्टर तुंबतो, हवा बदलते, म्हणून थोडी सोय ठेवायची. झडप आणखी उघडून ११.५ वर आणलं, भट्टीतला ड्राफ्ट, म्हणजे धुराड्याची ओढ, उणे ०.०२ इंच (पाण्याच्या पातळीत मोजलेली). चकती कोरी निघाली. त्याने आकडे टॅगवर लिहून बॉयलरला लटकवले, आणि ती चकती तुम्ही खिशात घातलीत. लहान मुलासारखी.

बिल मी त्या पहिल्या कंपनीला पाठवलंय. उत्तर नाही.

इथे आता कुठे हीटिंग बंद झालं. सप्टेंबरात सर्व्हिसिंग आहे, तेव्हा चकतीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवीन. पट्टीवर ठिपका किती भरला ते सांगणार नाही, तुम्ही ओळखा. काकूंना नमस्कार.

आपली,
तळघरातली दुभाषी