बेल्ट लावला का विचारायच्या आधी रेट विचार

मनू,

फोनवर तू घाईत असतेस आणि मला पण तेव्हा काही सुचत नाही, म्हणून हे टाईप करतोय. बोटं जाड आहेत, चुका झाल्या तर समजून घे. आत्या सांगत होती पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत बसते. वाच, पण जेवून वाच.

आधी एक कबूल करतो. तू चालू नोकरी सोडून सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटला वर्षभराचा सेफ्टीचा डिप्लोमा करते म्हणालीस तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. शेजारचं पोरगं नेबॉश करून दुबईला गेलं, घरी बसून ओपन बुक पेपर दिला म्हणे, मग तुलाच कशाला वर्ष घालवायचं, असं माझं चाललं होतं. तू नीट समजावलंस की ते सर्टिफिकेट ब्रिटनचं, तिकडे गल्फमध्ये त्याला मान आहे आणि अभ्यास पण चांगला आहे, पण आपल्याकडे कायद्यातला सेफ्टी ऑफिसर व्हायचं तर इंजिनिअरिंग लागतं, साईटवरची वर्षं लागतात आणि वर इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा लागतो, त्यात कन्स्ट्रक्शनचा पेपर पाहिजे. ते पटलं. पण तोंड वाकडं करायचं खरं कारण वेगळं होतं. तीस वर्षं सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब भरायचा साचा बांधायच्या, ठेक्यात काढली त्यात सेफ्टीवाला म्हणजे आमच्यासाठी फोटो काढून दंड लावणारा माणूस, आणि आता माझीच पोरगी तो जॅकेट घालून उभी राहणार म्हटल्यावर कसंतरीच झालं.

तर आम्ही त्या माणसाला कसं फसवायचो ते सांगतो, तुझ्या पुस्तकात हे नसणार. गेटवरचा वॉचमन आमचा. साहेबाची गाडी आली की शिट्टी, आणि वरच्या मजल्यावर सगळ्यांच्या सेफ्टी बेल्टचे हुक अडकलेले. हुक कशात? तर जवळच्या उभ्या सळईत नाहीतर परांचीच्या त्याच पाईपात जो स्वतःच धड बांधलेला नाही. साहेब खालून वर बघतो, त्याला बेल्ट दिसतो, हुक कुठे गेलाय ते दिसत नाही. परांचीला हिरवा टॅग पाहिजे ना, म्हणजे तपासली, वापरायला ठीक आहे, मग एक टॅग खिशात ठेवायचा आणि लागेल तिथे लटकवायचा. सकाळच्या टूलबॉक्स टॉकच्या (कामाआधी सेफ्टीचं सांगतात ते) रजिस्टरवर पंचवीस सह्या असतात त्यातल्या वीस एकाच पेनाने आणि एकाच हाताने, नीट बघितलंस तर सगळ्यांचा 'र' सारखाच असतो. मीच करायचो.

आता तू म्हणशील पप्पा असं का. तर रेट.

आमचं काम स्क्वेअर फुटावर. पोरं पण उक्त्यावर घेतलेली, दसऱ्याला गावाकडे उचल देऊन आणलेली, ती उचल फिटेपर्यंत त्यांना एकेक दिवस मोजायचा असतो. लाईफलाईन, म्हणजे बेल्टचा हुक अडकवायची दोरी, ओढायला दोन माणसं अर्धा दिवस जातात, त्याचे पैसे बिलात कुठेच नसतात. दोन लॅनयार्डचा, म्हणजे हुकाच्या दोन दोऱ्यांचा बेल्ट लावून चालायचं तर प्रत्येक पावलाला एक हुक काढ एक लाव, साच्याच्या प्लेटा डोक्यावर घेऊन ते कसं होणार आणि तेवढ्या वेळात शेजारची गॅंग दोन खण पुढे गेलेली असते. म्हणजे माणूस बेल्ट लावत नाही तो मूर्ख आहे म्हणून नाही (काही असतात मूर्ख, ते सोड), त्याला बेल्ट लावायचे पैसेच कोणी दिलेले नसतात. तू साईटवर गेलीस की हेल्मेट घातलं का हे विचारायच्या आधी मुकादमाला हळूच विचार, रेट काय चाललाय आणि त्यात परांची धरलीये का. त्या एका उत्तरात तुला सगळी साईट कळेल.

स्लॅब खोलायचं, म्हणजे खालचे टेकू-प्लेटा काढायचं, पण तसंच. साडेचार मीटरच्या आतला स्पॅन असेल तर 7 दिवस टेकू हलवायचे नाहीत, त्यावरच्याला 14, बीमचे स्पॅनप्रमाणे 14 नाहीतर 21, हे मला पण माहिती होतं आणि इंजिनिअरला पण. पण प्लेटा भाड्याच्या, वरचा स्लॅब त्याच प्लेटांवर भरायचा, मग पाचव्या दिवशीच फोन येतो की बघा काय जमतंय. कागदावर सात दिवसांनीच खोललेला असतो. तू कागद बघू नकोस, भाड्याचं चलन बघ. प्लेटा कधी हलल्या ते तिथे खरं लिहिलेलं असतं कारण तिथे पैसे असतात.

एक गोष्ट तुला आणि तुझ्या आईला कधी सांगितली नाही. तू तेव्हा दुसरीत होतीस. एका साईटवर ड्रेनेज लाईनचा चर होता, सात-आठ फूट खोल, मी सेंट्रिंगवाला, खोदाई माझं काम पण नव्हतं, पण पावसाने स्लॅब थांबलेला आणि माणसं बसून होती म्हणून ठेकेदार म्हणाला दोन पोरं दे. मी दिली. माती काठावरच टाकलेली, पाऊस उघडून एक दिवस झालेला, आणि बाजूने डंपर जात होता. बाजू बसली. एक जण उडी मारून निघाला, दुसरा छातीपर्यंत गाडला गेला. डोकं बाहेर, हात बाहेर, बोलत होता माझ्याशी. मला वाटलं वाचला, आता काढू. आम्ही फावड्याने उकरत होतो आणि तो बोलायचा हळूहळू कमी झाला. मला तेव्हा कळलंच नाही की तोंड बाहेर असून माणूस कसा जातो. मागच्या महिन्यात तू खोदाईचा धडा वाचून दाखवलास फोनवर, की एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते, छातीभोवती आवळली की श्वास सोडता येतो पण परत घेता येत नाही, दर श्वासाला माती आणखी बसते, म्हणून दीड मीटरच्या खाली चर गेला की बाजूंना आधार नाहीतर उतार पाहिजेच आणि माती काठापासून लांब टाकायची. तू सहज वाचत होतीस. मी मग फोन ठेवला, आठवतं का, रेंज गेली म्हणालो होतो.

त्याला आत उतर म्हणणारा मीच होतो. आता असो.

बरं, तू म्हणाली होतीस की बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात 500 कामगार असले तर सेफ्टी ऑफिसर लागायचा आणि कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा 2020 चा नवीन कोड नोव्हेंबर 2025 पासून लागू झालाय त्यात 250 केलेत. चांगलं केलं. पण मी आयुष्यभर ज्या साईटींवर राबलो त्या सगळ्या चाळीस-पन्नास माणसांच्या, तिथे कोण येणार? आणि आमच्यातला हुशार ठेकेदार हजेरी 240 वरच थांबवेल बघ.

त्या जुन्या नियमातली एक ओळ मात्र मला फार आवडली, तू व्हॉट्सॲपवर पाठवलेली, की सेफ्टी ऑफिसरला साईटवरच्या बहुतेक कामगारांची भाषा यायला पाहिजे. ही पात्रता आहे, डिग्रीसारखीच! माझ्याकडे आधी सगळी बीड-परभणीची माणसं, नंतर बिहारची आली, मग बंगालमधल्या मालदाची, आणि बोर्ड लागलेले असायचे इंग्रजीत. मी मालदावाल्यांकडून चार शब्द शिकलो होतो, 'दाँड़ाओ' म्हणजे थांब, 'शोरे जाओ' म्हणजे बाजूला हो. क्रेनखाली माणूस असताना हे दोनच शब्द लागतात. तू पण शिकून घे, पेपरात विचारणार नाहीत तरी.

आणि ते बेल्टवर लटकलेल्या माणसाचं जे सांगितलंस, की बेल्टने पडायचा वाचला तरी तसाच लटकत राहिला तर पायात रक्त साचून जाऊ शकतो, त्याला खाली कोण आणि कसा आणणार ते आधीच ठरलेलं पाहिजे, ते मला माहितीच नव्हतं. आम्हाला वाटायचं बेल्ट लागला म्हणजे काम झालं. गावाकडच्या दोन मुकादमांना फोन करून सांगितलं मी, एक हसला, एकाने नीट ऐकून घेतलं.

परीक्षा झाली की दोन दिवस ये. माझ्या जुन्या रेटच्या वह्या माळ्यावरून काढल्यात, कुठल्या साईटला काय भाव आणि किती दिवसात स्लॅब खोलला ते सगळं माझ्या हाताने खरं लिहिलेलं आहे, बिलातलं नव्हे. वाळवी लागायला लागलीये, तेव्हा लवकर ये आणि घेऊन जा.

पप्पा